बाळाचं कार्ड वाचायला शिका: वजनाची रेघ, वाढीचे टप्पे आणि डोस

सहा महिन्यांच्या दोन मुली समोर आहेत असं धरा. दोघींचं वजन आज ५.८ किलो. दोघीही कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वयाला ठीक वजनात, पण अगदी खालच्या कडेला. पहिली जन्मली तेव्हा २.४ किलोची होती. पुढे महिन्यामहिन्याला ३.२, ३.९, ४.६, ५.१, ५.५ आणि आता ५.८. दुसरी जन्मली २.९ किलोची. मग ३.९, ४.८, ५.४, ५.७, ५.८ आणि या महिन्यात पुन्हा ५.८.

पहिलीच्या आईला मी म्हणेन, छान चाललंय, असंच चालू द्या. दुसरीच्या आईला बसवून घेईन आणि आजच विचारपूस सुरू करेन. काट्यावरचा आकडा एकच असला तरी दुसऱ्या मुलीची रेघ दोन महिन्यांपासून आडवी पडत चालली आहे.

आरोग्यसेविका म्हणून मी बरीच वर्षं उपकेंद्रात काम केलं. त्या काळात सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते अशाच बाळांचं. ती "हिरव्यात आहे" म्हणून कुणी पाहिलं नाही आणि पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात, उतरल्यावर धावपळ झाली. म्हणून हा लेख. बाळ घरी आल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत काय, केव्हा आणि कसं पाहायचं, ते सांगते.

आधी कार्ड हातात घ्या

गरोदरपणाची नोंद केली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, शहरात महापालिकेचा दवाखाना, कुठेही ते फुकट आहे. बाळंतपण खासगी दवाखान्यात झालं असलं तरी ते मागून घ्या. खासगी दवाखान्याची छोटी फाइल वेगळी राहू द्या, पण प्रत्येक नोंद या कार्डावरही उतरवून घ्या. बाई माहेरी बाळंत होते, दीड महिन्याचा डोस माहेरी, अडीच महिन्यांचा सासरी, आणि कार्ड एका घरी राहून जातं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की सांगून सोय नाही. कार्ड बाळाच्या पिशवीतच ठेवा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पहिल्या दिवशी त्यावर तीन गोष्टी आहेत का ते बघा: जन्मतारीख, जन्माचं वजन आणि बाळ किती आठवड्यांचं जन्मलं. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा कोरी असते. बाळ वेळेआधी आलं असेल तर पुढे तिचीच सर्वात जास्त गरज पडते.

पहिले बेचाळीस दिवस

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरीच बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. तिला दारातून परत पाठवू नका. ती वजन घेते, ताप बघते, नाळ बघते.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्माच्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत घट चालते. दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर यायला हवं. नाही आलं तर वाट बघू नका.

याच काळात पुढचं काही दिसलं तर रात्र असो वा पाऊस, दवाखाना गाठा: बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय किंवा तापलंय, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास चालतात, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसते, नाभीतून पू येतो.

आणि आजीबाईंनो, तुमच्या मायेबद्दल शंका नाही, पण मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी, पाणी, साखरेचं पाणी यांतलं काहीच सहा महिने नको. काजळात शिसं असू शकतं, ते डोळ्यात घालू नका. तीट लावायचीच तर ती तळपायाला लावा. तेलाची मालिश जरूर करा, फक्त नाकाकानात तेल सोडू नका. बाळ कमी वजनाचं असेल तर ऊब द्यायला शेगडीपेक्षा आईची छाती बरी. बाळ उघडं, आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. बापालाही हे करता येतं.

वजन आणि टिंब

दर महिन्याला अंगणवाडीत वजन होतं. खासगी डॉक्टरकडे जात असाल तरी चालेल, पण शक्यतो एकाच काट्यावर करा. काट्यावर ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का, ते स्वतः बघा. स्वेटर, टोपी, वाळे, ओलं लंगोट सगळं काढा. थंडीत कपड्यांसकट वजन करायचं आणि उन्हाळ्यात उघड्यावर, असं केलं की रेघ खोटं बोलते. बाळ हातपाय झाडत असेल तर दोनदा मोजा.

आता कार्डावरचा तक्ता. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. खालच्या आडव्या ओळीवर वय, पूर्ण झालेल्या महिन्यांत. उभ्या ओळीवर किलो. वयावरून सरळ वर जायचं, वजनावरून आडवं यायचं, जिथे भेट होईल तिथे टिंब द्यायचं. मागच्या महिन्याच्या टिंबाला ते जोडायचं. एवढंच. अंगणवाडीची ताई करते म्हणून सोडू नका, पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही स्वतः टिंब द्या. एकदा हाताला सवय झाली की नजरेलाही होते.

तक्त्यावरच्या छापील रेघा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या प्रमाणांवरून आल्या आहेत. ती प्रमाणं सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांची मापं घेऊन ठरवली. त्या सहांत भारतही होता, दक्षिण दिल्लीतली मुलं होती. त्यामुळे "हे परदेशी बाळांचं माप आहे, आपली मुलं बारीकच असतात" हे म्हणणं टिकत नाही. चांगलं दूध, चांगलं अन्न आणि स्वच्छता मिळाली की आपलं मूलही तेवढंच वाढतं.

रेघ छापील रेघांना समांतर वर जात असेल तर बाळ कुठल्याही पट्टीत असलं तरी ते त्याच्या वाटेनं वाढतंय. पट्टी पिवळी असेल तर लक्ष जास्त द्यायचं, पण वर जाणारी रेघ ही चांगलीच बातमी. रेघ आडवी झाली तर ती धोक्याची सूचना. खाली वळली तर त्याच दिवशी डॉक्टर.

ढोबळ अंदाज हवा असेल तर असा: पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम. पाच-सहा महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट. लांबी जन्मताना सुमारे ५० सेंटिमीटर, वर्षाला ७५, चार वर्षांना १००. हा अंदाजच. शेजारच्या बाळसेदार बाळाशी तुलना करून स्वतःच्या बाळावर पाणी सोडू नका, त्याच्याच मागच्या महिन्याशी तुलना करा.

उंचीबद्दल एकच सांगते. दोन वर्षांपर्यंत मूल निजवून मोजतात, नंतर उभं करून. उभं केल्यावर माप अर्धा-पाऊण सेंटिमीटर कमी भरतं. त्या महिन्यात उंची घटली असं वाटून घाबरू नका.

सहा महिन्यांनंतर अंगणवाडीत दंडाचा घेरही मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर मूल तीव्र कुपोषित, ज्याला ताई सॅम म्हणतात. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम कुपोषित, मॅम. सॅम मूल ताप, हगवण किंवा भूक न लागणं यांसह असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं. भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातच ग्राम बालविकास केंद्रातून उपचार होतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

रेघ आडवी पडली तर

दुसऱ्या मुलीकडे परत येऊ. मी तिच्या आईला या क्रमानं विचारेन.

दिवसरात्र मिळून किती वेळा पाजता? लहान बाळ आठ-दहा वेळा तरी पितं. रात्रीचं पाजणं बंद झालंय का? दिवसभरात लघवी किती वेळा? सहा वेळा किंवा जास्त, फिकट रंगाची, असेल तर दूध पोटात जातंय. वरचं दूध सुरू केलं का, आणि त्यात पाणी घालता का? पातळ केलेल्या दुधाची बाटली हे आडव्या रेघेचं फार नेहमीचं कारण. मग आजारपण: सर्दी-खोकला, जुलाब, कानातून पू. आई कामावर जायला लागली का? आई स्वतः पोटभर जेवते का? आणि तिचं मन ठीक आहे का, हे मी शेवटी पण नक्की विचारते. बाळंतपणानंतर रडू येत राहणं, झोप न लागणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

कारण सापडलं तर ते दूर करून आठ-पंधरा दिवसांत पुन्हा वजन. महिना थांबायचं नाही. कारण सापडलं नाही तर डॉक्टर.

जुलाब झाले तर दूध-जेवण बंद करू नका. ओआरएस द्या आणि झिंकची गोळी पूर्ण चौदा दिवस द्या, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही.

उष्टावणानंतर

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न. उष्टावणाचा मुहूर्त आठव्या महिन्यात निघाला तर सोहळा तेव्हा करा, घास आधी सुरू करा. डाळीच्या वरच्या पाण्यावर किंवा भाताच्या पेजेवर मूल वाढत नाही. अन्न चमच्यावरून ओघळून पडू नये इतकं दाट हवं: कुस्करलेला वरणभात वर तूप, नाचणीची लापशी, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा, केळं, अंडं, काटे काढलेला मासा. सुरुवातीला दोन-तीन चमचे दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, मधे एक-दोन वेळा खाऊ. पिण्यासाठी गाईचं दूध वर्षानंतरच. मीठ-साखर वर्षभर न घातलेलीच बरी. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू द्या.

टप्पे: कुठे थांबायचं, कुठे धावायचं

वाढ काट्यावर कळते, विकास घरातच दिसतो. पोट भरलेलं, झोप झालेली, अंगावर ताप नसलेला, अशा वेळी बाळाला जमिनीवर चादर टाकून ठेवा आणि बघा. दिवसभर पाळण्यात, झोळीत किंवा कडेवर असलेल्या बाळाला मान धरायला, पालथं पडायला वावच मिळत नाही. जागेपणी दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं घाला आणि समोर तुम्ही बसा. झोपवताना मात्र पाठीवरच.

दोन महिन्यांपर्यंत बाळ तुमच्याकडे बघून हसतं. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं. पाच-सहा महिन्यांत पालथं पडतं, वस्तूला हात घालतं. आठ महिन्यांच्या आसपास आधाराशिवाय बसतं. नवव्या-दहाव्या महिन्यात धरून उभं राहतं, अनोळखी माणसाला बघून रडतं, बा-बा-दा-दा करतं. वर्षाला हाक मारली की वळतं, बोटानं दाखवतं, एखाद-दुसरा अर्थाचा शब्द बोलतं. बारा ते पंधरा महिन्यांत चालतं. दोन वर्षांना दोन शब्द जोडतं: "आई दे", "बाबा गेले".

या वयांना फार घट्ट धरू नका. निरोगी मुलं एकटी चालायला लागतात ती साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात, आणि त्यात काही वावगं नाही. पांगुळगाड्यानं चालणं लवकर येत नाही, उलट मूल पायरीवरून, चुलीवर जाऊन पडतं. तो घेऊच नका.

पुढच्या गोष्टी मात्र "होईल हळूहळू" म्हणून सोडायच्या नाहीत:

- तीन महिन्यांनाही हसत नाही, नजर मिळवत नाही
- पाच महिने झाले तरी मान डुलते
- नऊ-दहा महिन्यांत बसत नाही
- वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोटानं दाखवत नाही, नावाला वळत नाही
- दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही
- सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्दांची जोडी नाही
- वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, दुसरा मुठीत मिटलेला
- आलेलं काही विसरलं: बोलत होतं, आता बोलत नाही

शेवटची गोष्ट कुठल्याही वयात दिसली तरी लगेच दाखवा. आणि "याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले" हे ऐकून घ्या, पण त्यावर थांबू नका. बोलायला उशीर झाला की पहिली तपासणी कानांची. थाळी वाजवून ती होत नाही, कारण मूल हादऱ्यानं किंवा हाताची हालचाल बघूनही वळतं. यंत्रानं होणारी तपासणी पहिल्याच महिन्यात करून घ्यावी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत. त्यानंतरचा प्रत्येक महिना भाषेच्या दृष्टीनं मोलाचा असतो.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर हिशेब बदलतो. बत्तिसाव्या आठवड्यात आलेलं बाळ आठ आठवडे लवकर आलंय. ते सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाच्या टप्प्यांची अपेक्षा करायची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. डोस मात्र जन्मतारखेवरूनच. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायलाच हवी. ही वेळ गेली तर नजर जाऊ शकते. दवाखान्यातून सोडताना हा प्रश्न तुम्ही विचारा.

शंका आल्यावर कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल हजर ठेवा. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. तिथे एका छताखाली कान, डोळे, बोलणं, हालचाली सगळं पाहतात, मोफत.

दोन वर्षांपर्यंत मोबाइल नको. जेवताना तर नकोच. बाळाशी बोलणारं माणूस हवं, बडबडगीतं स्वतः म्हणा.

डोस

जन्मताच बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओ आणि कावीळ ब. कावीळ ब चोवीस तासांच्या आत. खासगी दवाखान्यात हाच डोस राहून जातो, विचारून घ्या. बीसीजीच्या जागी डाव्या दंडावर काही आठवड्यांत पुळी येते, फुटते, व्रण राहतो. तिला हळद, मलम काही लावू नका.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा, पोलिओचे थेंब आणि जुलाबांवरची रोटा. पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा जंतू) असे पाच येतात. त्याखेरीज दीड आणि साडेतीन महिन्यांना पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियासाठीची पीसीव्ही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर आणि पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पोलिओचे थेंब. जपानी मेंदूज्वर आढळणाऱ्या जिल्ह्यांत त्याच्याही लसी नऊ महिन्यांना आणि दीड वर्षानंतर असतात.

दीड वर्षाचा हा डोस फार चुकतो. साडेतीन महिन्यांपर्यंत सगळे नेमानं येतात, नवव्या महिन्याला थोडे गळतात, आणि मूल चालायला लागलं की घर निवांत होतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ पसरली आणि लहान मुलं दगावली. गोवर फार पटकन पसरतो, आणि एका डोसनं सगळ्या मुलांना पुरेसं संरक्षण मिळत नाही.

साधी सर्दी, किंचित ताप, पातळ शी या कारणांनी डोस पुढे ढकलू नका. चुकला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे सोडलं तिथून पुढे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. ताप येईल, मांडी सुजेल. गार पाण्याची पट्टी ठेवा, चोळू किंवा शेकू नका. पॅरासिटामॉल वजनावरून सांगितलेलंच द्या, आणि एक लक्षात ठेवा: थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं. सिरपचं माप थेंबांच्या औषधाला लावू नका. झटके आले, बाळ निपचित पडलं, किंवा तीन तासांहून जास्त सलग रडलं तर दवाखान्यात न्या आणि सिस्टरला कळवा.

खासगी डॉक्टर फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए अशा आणखी लसी सुचवतील. परवडत असतील तर घ्या. पण सरकारी यादीतली एकही गाळून त्या घेऊ नका.

डोसाबरोबर आणखी थोडं

नवव्या महिन्याला जीवनसत्त्व अ चा पहिला डोस, मग दीड वर्षाला, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत; एकूण नऊ. सहा महिन्यांनंतर लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा एक मिली. शी काळी होईल, काळजी नको. दुधाबरोबर देऊ नका. एक वर्षानंतर जंताची गोळी, वर्षातून दोनदा, चुरून पाण्यातून. पहिला दात आला की मऊ ब्रश.

पाच वर्षांनंतर

पाच ते सहा या वयात डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो. शाळेच्या प्रवेशाच्या गडबडीत तो हमखास राहतो. दाखल्यासाठी जन्माचा कागद शोधाल तेव्हा कार्डाचं शेवटचं पानही उघडा आणि त्या चौकोनात तारीख आहे का ते बघा. नसेल तर गणवेश घ्यायला जाल त्याच आठवड्यात उपकेंद्रात या. मग दहाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) आणि सोळाव्या वर्षी आणखी एक. तोवर हे कार्ड मुलाच्या शाळेच्या फाइलीत, दाखल्याच्या मागेच लावून ठेवा.